टिंब

लुसुंगू माझ्या धाकट्याहून लहान आहे.
मझूझूहून येतो, सोमवारी आणि गुरुवारी,
पिशवीत लॅपटॉप, कागदात गुंडाळलेला उकडलेला कसावा.
पहिल्याच दिवशी म्हणाला,
अमायी, मूळ फाईलला हात लावायचा नाही.
जे बदलायचं ते वेगळं लिहायचं, ओळीमागून ओळ,
म्हणजे चुकलं तरी
पुन्हा पहिल्यापासून चालत येता येतं.

सत्तावीस वर्षं मी या तळ्याकाठी बाळंतपणं केली.
पुन्हा पहिल्यापासून,
असं मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

रजिस्टरं अकरा. कडा उंदरांनी खाल्लेल्या.
एकावर रॉकेलचा डाग आहे, तो माझाच.
सगळी टाइप करून झाल्यावर मी विचारलं, गावं किती?
एकशे चार, यंत्र म्हणालं.
आमच्या किनाऱ्याला आहेत तेवीस.
उसिस्या, उसीस्या, उस्सिया,
आणि मागे एक मोकळी जागा सुटलेलं उसिस्या:
बिचाऱ्याला वाटलं चार गावं आहेत,
चार धक्के, चार शाळा,
चार ठिकाणी आज होडी लागणार आहे.
दोन दिवस मी नावं झटकत बसले,
वाळवलेल्या उसिपातून रेती झटकावी तशी.

एका आईचं वय निघालं नव्याण्णव.
माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं कुणाला तरी,
पण नव्याण्णव सरासरीत जाऊन बसलं
आणि आमच्या पोरी रातोरात पोक्त झाल्या.
लुसुंगू म्हणाला, माहीत नसेल तिथे टिंब द्या.
नुसतं टिंब.
मी दिली. सोपं होतं.

मग गुरुवारी, मध्येच वीज जाऊन आली त्या दुपारी,
मी स्वतःहून पहिला प्रश्न घातला:
चार किलोहून जड बाळं दाखव.
एकसष्ट आली.
मी म्हटलं, शक्य नाही.
जड बाळ माझे हात विसरत नाहीत.
सात होती. आठ म्हणा फार तर.

लुसुंगू वाकून बघतो, हसतो.
अमायी, तुम्ही टिंबं दिलीत ना,
या प्रोग्रॅममध्ये टिंब
सगळ्या आकड्यांहून मोठं असतं.
कुठलीही संख्या घ्या, टिंब तिच्या वर.

असं का, मी विचारलं.
असंच बनवलंय, तो म्हणाला, आणि कसावा सोलायला लागला.

मी एकेक ओळ बघत खाली गेले.
फेब्रुवारीतली टिंबं: काट्याची स्प्रिंग तुटली होती.
ही तीन होडीत जन्मली, तिथे कुठला काटा.
हे कुणाच्या तरी आळसाचं.
ओळ दोनशे बारा.
तारीख बघितली आणि पुढचे रकाने वाचायची गरज उरली नाही.
रडलं नव्हतं ते.
त्याच्या आईच्याच चितेंजेत गुंडाळून दिलं,
वजन कोण करतं अशा वेळी.

लुसुंगूने शिकवलं:
चार किलोहून जड, आणि टिंबाहून लहान.
दोन्ही अटी एका ओळीत.
सात आली. बरोबर सात.
मी म्हटलं नव्हतं का?

उरलेली चोपन्न गेली कुठे, मी विचारलं.
कुठेच नाही, आहेत तिथेच आहेत,
फक्त या प्रश्नात येत नाहीत.

आणखी एक दाखवलं त्याने जाता जाता:
ओळीच्या सुरुवातीला चांदणी काढली
की यंत्र ती ओळ वाचत नाही, ओलांडून जातं.
ती आपल्यासाठी. किंवा आपल्यामागून
या खुर्चीत बसेल त्याच्यासाठी.

तो मिनीबस गाठायला पळाला.
मी एका बोटाने टाइप करत राहिले,
चांदणी, आणि पुढे:
दोनशे बाराचं वजन केलं नाही.
मुलगी होती.
नख्या पूर्ण होत्या.

मग सेव्ह केलं. दोनदा केलं,
विजेचा काय भरवसा.